टायटॅनियम कोटिंगचं चुंबक बोटात बसवण्याआधी त्याचा पृष्ठभाग कसा तयार करायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ३ मिलिमीटर व्यासाच्या आणि १ मिलिमीटर जाडीच्या निओडायमियम चुंबकाच्या चकत्या ऑनलाइन मागवल्या आहेत, पाकिटावर ‘टायटॅनियम कोटेड’ लिहिलंय, त्यातली एक अनामिकेच्या टोकाला कातडीखाली बसवायची आहे, बहुधा विजेच्या तारांभोवतीचं क्षेत्र बोटाला जाणवावं म्हणून. त्याआधी ती पॉलिश पेपरने घासायची, नायट्रिक ॲसिडमध्ये बुडवायची, की नुसतं स्पिरिटने पुसून भागेल? नवी मुंबईत घणसोलीला राहता असंही लिहिलंय. मी तुमच्या शेजारच्याच स्टेशनला, रबाळ्याच्या एमआयडीसीत व्हॅक्यूम कोटिंगच्या, म्हणजे हवा काढलेल्या बंद चेंबरमध्ये वस्तूंवर पातळ थर चढवण्याच्या कामात आहे. ड्रिल, पंच, डाय हा आमचा रोजचा माल, आणि त्याबरोबर हाडांच्या शस्त्रक्रियेची अवजारं.

उत्तर आधी देते. या तिन्हींतलं काहीच करू नका, आणि ती चकती शरीरात घालू नका. पृष्ठभागाची तयारी कोटिंगच्या आधी होते. थर एकदा बसला की वरून जे कराल त्याने तो कमीच होणार. आधीची तयारी नीट झाली होती का, हे तुमच्या हातातल्या चकतीकडे नुसतं बघून कळत नाही. खरी अडचण तिथे आहे. ॲसिड कुठलं, पेपर किती नंबरचा, हे त्यानंतरचे प्रश्न.

आत काय आहे ते आधी बघा. निओडायमियम, लोखंड आणि बोरॉन यांचं हे चुंबक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधकांनी वेगवेगळं शोधलं. ते मोटर आणि हार्ड डिस्कसारख्या कामांत पसरलं. शरीराचा विचार त्यात कधीच नव्हता. पूड दाबून, भट्टीत भाजून ते बनवतात. आत बारीक कण असतात आणि त्या कणांच्या मधल्या फटींत निओडायमियम जास्त असलेला पदार्थ असतो. ओलावा मिळाला की पहिल्यांदा हा मधला पदार्थ जातो. तो गेला की कण सुटे होतात. गंजताना हायड्रोजन निघतो, तोही हे चुंबक शोषून घेतं आणि फुगून भुगा होतं. कारखान्यात कच्च्या धातूची पूड करायला हाच गुण मुद्दाम वापरतात, हायड्रोजन पाजून. म्हणजे उघडं पडलेलं चुंबक अंगात नुसतं तांबूस होऊन थांबत नाही. ते आतून विस्कटतं आणि वरच्या थराला बाहेर ढकलतं.

आता त्यावरचा थर. बाजारात मिळणारं ‘टायटॅनियम कोटेड’ सोनेरी रंगाचं असेल तर ते टायटॅनियम नायट्राइड. करडं असेल तर कदाचित शुद्ध टायटॅनियम, कदाचित दुसरंच काही. नायट्राइडचा थर साधारण २ ते ४ मायक्रॉन जाड असतो. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास, यावरून अंदाज घ्या. त्याच्याखाली बहुतेक वेळा निकेल, तांबं, निकेल असे प्लेटिंगचे तीन थर असतात, मिळून १५-२० मायक्रॉन. विकणारा हे सांगत नाही, कारण त्याला कोणी विचारत नाही. निकेलची ॲलर्जी किती जणांना असते हे नकली कानातल्यांनी कान चिघळलेल्या कुठल्याही मुलीला विचारा.

चांगल्या ठिकाणी काम कसं होतं तेही सांगते, म्हणजे आपण काय मागतोय याची कल्पना येईल. चकती आधी बिनचुंबकी असते. सिरॅमिकच्या खड्यांबरोबर व्हायब्रेटरमध्ये घोळवून तिच्या कडा गोल करतात, कारण तीक्ष्ण कडेवर कुठलाच थर नीट टिकत नाही. तिथे ताण साठतो आणि पहिला तुकडा तिथूनच उडतो. मग सौम्य अल्कलीने तेल काढायचं, अल्ट्रासोनिक म्हणजे ध्वनिलहरींनी साफ करणाऱ्या टाकीत घालायचं, डीआय वॉटरने म्हणजे क्षार काढलेल्या पाण्याने धुवायचं. ॲसिड वापरलंच तर अगदी हलकं आणि अगदी थोडा वेळ, कारण या चुंबकाला छिद्रं असतात आणि आत शिरलेलं ॲसिड धुऊन निघत नाही. ते आत बसून राहतं, वरून प्लेटिंग चढतं, आणि काही दिवसांनी फोड येतो. म्हणून धुतल्यावर व्हॅक्यूममध्ये वाळवणं हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. शेवटी चेंबरमध्ये आर्गॉनच्या आयनांचा मारा करून पृष्ठभागाचा अगदी वरचा पापुद्रा उडवतात आणि मधे हवा न लागू देता लगेच टायटॅनियम बसवायला घेतात. पृष्ठभागाची तयारी म्हणतात ती ही. जुलैत आमच्याकडे चेंबरचं दार जरा जास्त वेळ उघडं राहिलं की भिंतींना ओल धरते आणि पंपाला व्हॅक्यूम खेचायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. घाईत कोणी तशीच बॅच चालवली की थर नखाने निघतो.

एवढं करूनही थर सलग नसतो. चकती हवेत तरंगत नाही, ती कशावर तरी टेकवावी किंवा कशात तरी धरावी लागते, आणि जिथे धरली तिथे थर बसत नाही किंवा पातळ बसतो. दहापट मोठं दाखवणारी लूप घ्या, घड्याळजी डोळ्याला लावतात तसली. खिडकीपाशी उजेडात उभे राहा आणि चकती कडेवर फिरवत बघा. सोनेरी रंगात कुठेतरी चंद्रकोरीसारखा फिकट, चंदेरी डाग दिसेल. तो फिक्श्चरचा, म्हणजे चकती जिच्यात धरली त्या पकडीचा डाग. काही माल दोनदा उलटून कोटिंग केलेला असतो. मग डाग नसतो, पण दोन थर जिथे भेटतात तिथे रंगाची बारीक रेघ असते. सपाट तोंडावर सुईच्या टोकाने टोचल्यासारखे काळे ठिपके दिसले तर तो आर्क पद्धतीचा, म्हणजे विजेच्या ठिणगीने टायटॅनियम उडवून थर देण्याच्या पद्धतीचा दोष. त्या पद्धतीत टायटॅनियमचे वितळलेले थेंबही उडून पृष्ठभागावर बसतात, पुढे त्यातले काही निखळतात आणि मागे खड्डा राहतो. ड्रिलवर असे खड्डे असले तरी आमचं गिऱ्हाईक तक्रार करत नाही. ड्रिलला भोक पाडायचं असतं, पाण्यात वर्षानुवर्षं बुडून राहायचं नसतं.

पिनहोल, म्हणजे थरातलं असं बारीक भोक, आहे म्हणजे तेवढीच जागा गंजेल, बाकीची वाचेल, असं वाटतं ना? उलट होतं. टायटॅनियम आणि त्याचं नायट्राइड दोन्ही गंजाला दाद न देणारे, चुंबक पटकन गंजणारं. दोन्ही खारट पाण्यात एकमेकांना चिकटून असले की बॅटरी तयार होते, आणि तिच्यात झिजतो तो कमजोर धातू. इथे मजबूत बाजूचं क्षेत्रफळ अख्ख्या चकतीएवढं आणि कमजोर बाजूचं टाचणीच्या टोकाएवढं. सगळा भार त्या एका टोकावर येतो. शरीरातलं पाणी म्हणजे ३७ अंशांवर ठेवलेलं मिठाचं पाणीच, आणि जखमेला सूज आली की तिथली आम्लताही वाढते.

आता तुम्ही विचारलेल्या गोष्टी. १००० नंबरच्या पॉलिश पेपरवरचे कण १८ मायक्रॉनच्या आसपास असतात, तुमच्या थराच्या कितीतरी पट मोठे. नायट्राइड कडक असतं हे खरं, पण त्याच्याखालचं निकेल मऊ आहे. मऊ गादीवर काच ठेवून वर बसल्यासारखा प्रकार. दाब दिला की काच तडकते, आणि तो तडा डोळ्यांना दिसतही नाही.

नायट्रिकची सूचना कुठून आली असेल याचा मला अंदाज आहे. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेचं एफ ८६ नावाचं मानक आहे, शस्त्रक्रियेत बसवायच्या धातूच्या इम्प्लांटच्या पृष्ठभागाच्या तयारीबद्दलचं. त्यात २० ते ४५ टक्के नायट्रिक ॲसिडने पॅसिव्हेशन, म्हणजे पृष्ठभाग गंजाला दाद न देणारा करण्याची पद्धत आहे. हाडात बसवायच्या प्लेटा आणि स्क्रू अशा प्रक्रियेतून जातात. पण ते इम्प्लांट आरपार एकाच धातूचे असतात. वर साचलेलं लोखंड ॲसिड खाऊन टाकतं आणि खालून पुन्हा तोच चांगला धातू समोर येतो. तुमच्या चकतीत पिनहोलमधून ॲसिड आत गेलं तर समोर चुंबक येईल. शिवाय टायटॅनियमवर हवेत आपोआपच काही नॅनोमीटरचा ऑक्साइडचा थर धरतो. त्याच्यासाठी चकतीला ॲसिड पाजायची गरजच नाही.

कोणी हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजत ठेवा म्हणेल, कारण केमिस्टकडे मिळतं आणि जखमेला लावतात. आमच्याकडे ड्रिलवरचं खराब झालेलं नायट्राइड उतरवायचं असतं तेव्हा जे द्रावण करतात त्यात मुख्य वस्तू हायड्रोजन पेरॉक्साइडच असते. एवढं सांगून पुढे जाते.

स्पिरिटने तेलकटपणा जातो, पण चकती निर्जंतुक होत नाही. जिवाणूंचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत आणि धनुर्वाताचा जिवाणू त्याच जातीचा. डेटॉल, सॅव्हलॉन हेही निर्जंतुकीकरण नव्हे. मग ऑटोक्लेव्ह? तिथे १२१ अंशांची वाफ असते. साध्या एन ग्रेडच्या चुंबकाची मर्यादा ८० अंश, आणि पातळ चकतीची त्याहून कमी, कारण तिचा आकारच तिच्या विरुद्ध काम करतो. ऑटोक्लेव्हमधून चकती निर्जंतुक होऊन बाहेर येईल, पण तिची ओढ कमी झालेली असेल, आणि ती परत येत नाही. एच, एसएच अशा जास्त तापमानाच्या ग्रेड असतात, पण पाकिटावर एन ५२ लिहिलं असेल तर तो त्यातला नाही. अशा मालासाठी इस्पितळं इथिलीन ऑक्साइड वायू वापरतात, तापमान ६० अंशांच्या आतबाहेर किंवा त्याहून कमी. तो विषारी आणि ज्वलनशील वायू आहे. घरी करायची गोष्ट नाही.

पृष्ठभाग खरखरीत केला तर शरीर तो धरून ठेवेल, हेही तुम्ही ओघात लिहिलंय. ते दातांच्या इम्प्लांटवरून घेतलेलं दिसतंय. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी टायटॅनियमला हाड घट्ट धरतं हे दाखवलं आणि १९६५ मध्ये पहिल्या माणसाच्या जबड्यात ते बसवलं. आज ते स्क्रू वाळूचा मारा करून आणि ॲसिडने मुद्दाम खडबडीत करतात. पण ती गोष्ट हाडाची. बोटाच्या टोकाला तुमच्या चकतीभोवती हाड नसेल, चरबी आणि तंतू असतील. तिथे शरीर परक्या वस्तूभोवती एक तंतूंची पिशवी विणतं आणि तिला बाजूला ठेवतं. गुळगुळीत वस्तूला ते सोपं जातं. खडबडीत वस्तूवर जंतूंना बसायला जागा मिळते, बाकी काही नाही.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही. चुंबक स्वतःच घाण गोळा करतं. मागे कोपरखैरण्याचा एक मुलगा अशाच चकत्या डबीत घालून आमच्याकडे घेऊन आला होता. त्याला वरून आणखी एक थर मारून हवा होता. डबी टेबलावर उघडली आणि तो बोलत होता तोवर चकत्यांच्या कडेला लोखंडाची बारीक पूड उभी राहिली. शेजारी ग्राइंडर चालू होतं. ही पूड कापडाने पुसली तर ती थरावर घासली जाते, पाण्याने धुतली तर निघत नाही, एका बाजूने सरकून दुसऱ्या बाजूला जाते. चिकट पुट्टीने टिपून काढावी लागते. स्टीलच्या चिमट्याने उचललं तर चकती चिमट्यावर आपटते आणि कड उडते. अल्ट्रासोनिकमध्ये दोन चकत्या मोकळ्या टाकल्या तर एकमेकींवर आदळून दोघी फुटतात. म्हणून शहाणे लोक आधी कोटिंग करतात आणि सगळ्यात शेवटी चुंबकत्व भरतात.

त्या मुलाला आमच्या साहेबांनी नाही म्हटलं. पण रबाळे, महापे, तुर्भे, पवने, इकडे वागळे इस्टेट, कुठेही गेलात तरी किमान लॉटचे पैसे घेऊन ‘करून देतो’ म्हणणारा भेटेल. जाऊ नका. अवजारांची बॅच चारशे-साडेचारशे अंशांवर चालते आणि हे चुंबक साधारण ३१० अंशांपुढे चुंबक राहतच नाही. शिवाय काल ज्या चेंबरमध्ये पत्रा कापायचे पंच होते त्याच चेंबरमध्ये आज तुमच्या बोटात जायची वस्तू असेल. भिंतींवर साठलेला जुना थर पापुद्रे होऊन गळतो, तो तुमच्या चकतीवर बसेल.

उत्सुकता म्हणून थराची परीक्षा करायची असेल तर करा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोटॅशियम फेरीसायनाइड असतं. ते आणि मीठ पाण्यात विरघळवून गाळणीचा कागद भिजवा आणि चकतीवर दाबून ठेवा. थरातून जिथे आतलं लोखंड डोकावतंय तिथे कागदावर निळा ठिपका उमटतो. आधी कडेची जागा बघा, ठिपके बहुतेक तिथेच रांगेने येतात. निकेलचे थर खाली घट्ट असतील तर कागद कोरा राहील. त्याचा अर्थ एवढाच की लोखंडापर्यंत भोक गेलेलं नाही. निकेल उघडं आहे का हे ही चाचणी सांगत नाही. दुसरी साधी पद्धत: सलाइनची बाटली, म्हणजे ०.९ टक्के मीठ, त्यात चकती एका छोट्या काचेच्या बाटलीत बंद करून उबदार जागी काही आठवडे ठेवा. तळाशी तपकिरी गाळ दिसला तर उत्तर मिळालं. नाही दिसला तर ती एक चकती त्या काही आठवड्यांपुरती टिकली, इतकंच. पिनहोल कुठे येणार याला नियम नसतो. दहातल्या एका चकतीवरून बाकीच्या नऊंबद्दल बोलता येत नाही, आणि परीक्षा दिलेली चकती तर वापरायचीच नाही.

माणसाच्या शरीरात चुंबकं असतात, नाही असं नाही. बहिऱ्यांना ऐकू यावं म्हणून बसवतात त्या कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये कानामागे कातडीखाली चुंबक असतं. पोटातलं ॲसिड घशाशी येऊ नये म्हणून अन्ननलिकेभोवती घालायच्या चुंबकी मण्यांच्या कड्याला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. पण या दोन्हींत चुंबकावर नुसता मुलामा नसतो, ते टायटॅनियमच्या बंद डबीत असतं. डबीचे सांधे वेल्डिंगने बंद करून हवाबंद करतात आणि गळती तपासतात. भिंतीची जाडी मायक्रॉनमध्ये बोलायची नसते. माझ्या मते सगळा फरक इथे आहे. मुलामा आणि डबी यांना एकाच नावाने विकलं जातं, आणि ‘टायटॅनियम’ वाचून आपण डबी समजतो.

शौक म्हणून बोटात चुंबक बसवणाऱ्यांनी मधल्या काळात पॅरिलीन नावाचा प्लास्टिकचा थर वापरायला घेतला. तो सर्किट आणि वैद्यकीय उपकरणांवरही वापरतात. वायूच्या रूपात थेट वस्तूवर येऊन बसतो, चकतीला तापवावं लागत नाही, आणि कडा-कोपऱ्यांवर एकसारखा बसतो, त्यामुळे पिनहोलचा त्रास फार कमी. नायट्राइडच्या वर पॅरिलीन दिलेली चकती नुसत्या नायट्राइडपेक्षा नक्की बरी. पण तो मऊ आहे, टोकदार वस्तूने ओरखडतो. त्याआधी सिलिकॉनमध्ये गुंडाळलेली चुंबकं होती. त्यातली काही अंगात फुटली, बोट काळं पडलं आणि तुकडे वेचून काढताना सर्जनचा कस लागला.

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे इम्प्लांट हे मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७ खाली येतं, त्याला परवाना लागतो. अशा सुट्या चकतीला तो नाही, म्हणून जबाबदार सर्जन ती बसवणार नाही. टॅटूवाला बसवीन म्हणाला तरी सुन्न करायचं इंजेक्शन देणं त्याचं काम नाही, आणि न देता बोट चिरणं हा निव्वळ छळ. बसवलंच, आणि पुढे कधी अपघात झाला, मेंदूचा एमआरआय करायची वेळ आली, तर टेक्निशियन तुम्हाला आत घेणार नाही. बेशुद्ध असाल आणि त्याला माहीतच नसेल तर त्याहून वाईट.

तुम्हाला हवंय ते म्हणजे विजेच्या तारांभोवतीचं क्षेत्र बोटाला जाणवणं, असं मला प्रश्नावरून वाटलं. त्यासाठी बोट कापावं लागत नाही. चकती अनामिकेच्या पेराच्या आतल्या बाजूला, नखासमोर, मायक्रोपोर टेपने घट्ट बसवा आणि चालू मिक्सरच्या बाहेरून, मोटरच्या उंचीला, बोट जवळ न्या. ५० हर्ट्झची थरथर स्पष्ट लागते. जुन्या पंख्याच्या रेग्युलेटरपाशी न्या, लॅपटॉपच्या ॲडॅप्टरवरून फिरवा. प्रत्येकाची थरथर वेगळी लागते. कातडीखालच्या चुंबकाइतकं बारीक जाणवणार नाही, हे कबूल. पण कंटाळा आला की टेप काढून टाकता येते. घरात कोणाला पेसमेकर असेल तर त्यांच्या छातीपासून एक वीत तरी लांब राहा, आणि उरलेल्या चकत्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा डबीत बंद करून ठेवा. दोन गिळल्या गेल्या तर आतड्यांच्या दोन वेटोळ्यांमधून एकमेकींना ओढून मधलं आतडं चिमटतात, आणि मग पोट उघडावं लागतं.